मॉडेलम्युज आणि मॉडफ्लो ६ : मामंजींच्या विहिरीवर आठ महिने

बोअर कुठं मारू, एवढंच विचारायला हे भूजलाचा हिशोब करणारं सॉफ्टवेअर उतरवून घेणार असाल तर नका घेऊ. त्या कामाला हातावर नारळ ठेवून शिवारभर फिरणारे पाणाडे आहेत. नारळ उभा राहिला की ते जागा दाखवतात, चहा पितात आणि जातात. मॉडेलम्युज तुम्हाला जागा दाखवत नाही. उलट तुमच्याकडूनच शंभर गोष्टी मागतं, आणि त्यातल्या ऐंशी तुम्हाला ठाऊक नसतात.

मी बेळगावात सर्व्हेचं ऑफिस चालवते. दोन टेबलं, एक टोटल स्टेशन, एक ऑटो लेव्हल आणि आठ जीबी रॅमचा जुना लॅपटॉप. शिक्षण सिव्हिलचा डिप्लोमा. रोजचं काम प्लॉटांची मोजणी, लेआउट आणि बांधाची भांडणं. भूजलाचं शास्त्र मी कुठं शिकलेले नाही. यात पडले ते घरच्या भांडणापायी.

सासर कडोलीच्या बाजूला, मार्कंडेय नदीच्या अंगाला. रान काळं. बटाटा, कोबी, बीट, मिरची असं आलटून पालटून असतं. मामंजींची विहीर अकरा मीटर खोल, सहा मीटर रुंद, दगडी बांधाची. तीन वर्षांपूर्वी वरच्या अंगाला, पासष्ट मीटरवर, चुलत सासऱ्यांनी बोअर मारली. ऐंशी मीटर खोल. आम्ही त्यांना आप्पा म्हणतो. त्या उन्हाळ्यात आमची विहीर मे महिन्यात तळाला गेली आणि दोघांचं बोलणं बंद झालं. लग्नपत्रिका तेवढ्या एकमेकांच्या घरी जात होत्या.

"तू मोजणीवाली न्हवं? मग मोजून दाखीव की, कुणी कुणाचं पाणी ओढलं ते," मामंजी एका संध्याकाळी म्हणाले. तिथून हे सगळं सुरू झालं.

आता सॉफ्टवेअरबद्दल. यात दोन वेगळ्या वस्तू आहेत आणि नव्या माणसाचा पहिला गोंधळ इथंच होतो. मॉडफ्लो हे जमिनीखालचं पाणी कसं सरकतं याचं गणित करणारं इंजिन. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण संस्थेनं, म्हणजे यूएसजीएसनं, १९८४ साली ते फोरट्रान भाषेत लिहून सगळ्यांना फुकट दिलं. तेव्हापासून त्याच्या आवृत्त्या निघताहेत. मी वापरते ती मॉडफ्लो ६, ती २०१७ सालची. या इंजिनाला तोंड नाही, नुसत्या आकड्यांच्या फायली खातं आणि आकड्यांच्या फायली बाहेर टाकतं. मॉडेलम्युज हे त्याच संस्थेचं २००९ पासूनचं तोंड: त्यात नकाशावर विहिरी काढायच्या, थर द्यायचे, बटण दाबायचं, मग ते इंजिनाला हव्या तशा फायली बनवून देतं आणि उत्तर रंगवून दाखवतं. तेही फुकट.

आतलं गणित मात्र फार जुनं आहे. फ्रान्समध्ये दिजाँ शहराच्या पाण्याची व्यवस्था पाहणाऱ्या आंरी डार्सी नावाच्या इंजिनिअरनं १८५६ साली वाळूच्या नळकांड्यातून पाणी सोडून पाहिलं. पाण्याच्या पातळीतला फरक जितका जास्त आणि वाळू जितकी मोकळी, तितकं पाणी जास्त सुटतं, आणि अंतर वाढलं की कमी होतं. मॉडफ्लो जमिनीचे चौकोनी ठोकळे पाडतं आणि प्रत्येक ठोकळ्याला विचारतं, शेजाऱ्याकडून किती आलं, शेजाऱ्याला किती गेलं, साठ्यात काय उरलं. हे हजारो ठोकळ्यांचं एकदम. नदी, पाऊस, विहीर, नाला यांची वेगवेगळी पॅकेजेस असतात आणि लागेल ते जोडायचं. ट्रॅक्टर तोच, आज नांगर लावा, उद्या रोटाव्हेटर.

बसवण्याची पहिली अडचण सांगून टाकते, म्हणजे तुमची संध्याकाळ वाया जाणार नाही. मॉडेलम्युज बसवलं म्हणजे मॉडफ्लो आलं असं नाही. मॉडफ्लो ६ वेगळं उतरवायचं, झिप फोडून एका फोल्डरात ठेवायचं आणि मॉडेलम्युजला त्याचा पत्ता द्यायचा. मी दोन दिवस रन दाबत बसले होते. आणि हे विंडोजवरच चालतं. मदत-पुस्तिका भरपूर आहे, उदाहरणंही आहेत, पण सगळं इंग्रजीत आणि वाचणाऱ्याला भूजलशास्त्र येतं असं धरून लिहिलेलं. मराठी सोडा, कन्नडमध्येही काही सापडलं नाही.

त्याआधी मी बाहेरगावच्या एका क्लासला तीन दिवसांचे पैसे भरून बसले होते. तिथं एका महागड्या सॉफ्टवेअरची चोरीची कॉपी, तयार मॉडेल, आणि "इथं क्लिक करा, नेक्स्ट, नेक्स्ट." शेवटच्या दिवशी सर्टिफिकेट आणि पुलाव. त्यातलं एक अक्षर पुढं उपयोगी पडलं नाही, पुलाव बरा होता.

चित्र काढायची पद्धत मला, सर्व्हेचं काम करणाऱ्या बाईला, एकदम पटली. स्क्रीनवर एकाच वेळी वरून, समोरून आणि बाजूनं असे तीन देखावे दिसतात, शिवाय फिरवता येणारा त्रिमिती देखावा. वरच्या देखाव्यात एक बहुकोन काढायचा आणि सांगायचं, एवढ्या भागात मुरूम आहे, त्याची पारगम्यता, म्हणजे पाणी झिरपू द्यायची ताकद, एवढी. ठोकळे नंतर लहान-मोठे केले तरी तो बहुकोन तसाच राहतो, आकडे पुन्हा भरावे लागत नाहीत. मी चार बाय तीन किलोमीटरचा तुकडा घेतला, पन्नास मीटरचे ठोकळे. ऐंशी गुणिले साठ, म्हणजे एका थरात चार हजार आठशे. विहीर आणि बोअरभोवती ठोकळ्याचे चार, चाराचे सोळा असे बारीक तुकडे पाडता येतात, म्हणजे सगळं मॉडेल जड न करता हवं तिथं बारकावा मिळतो. माझ्या लॅपटॉपवर तीन वर्षांचा हिशोब एका मिनिटाच्या आत निघतो. यंत्र महाग लागत नाही, हे मुद्दाम सांगते.

आकडे भरायला लागलं की मग खरी परीक्षा. मॉडफ्लोला एककांशी काही देणंघेणं नाही. तुम्ही मीटर आणि सेकंद म्हणालात की सगळीकडे मीटर आणि सेकंदच. आमच्या भागात मी वर्षाला १,२०० मिलिमीटर पाऊस धरला. त्यातला सात टक्के जमिनीत मुरतो असं धरलं तर ८४ मिलिमीटर. आता हा वर्षाचा ८४ मिलिमीटर म्हणजे सेकंदाला किती मीटर? दशांश चिन्हानंतर आठ शून्यं आणि मग २७. मी पहिल्यांदा सात टक्के लावायलाच विसरले, सगळा पाऊस जमिनीत घातला. मॉडेलनं निमूटपणे विहिरीच्या काठाच्या वर कित्येक मीटर उंच पाण्याचा डोंगर करून दिला. एरर नाही, लाल अक्षर नाही. रंग मात्र सुरेख, गर्द निळा.

दुसरी चूक याहून गमतीची. विहिरीतून उपसा द्यायचा तर आकड्याला उणे चिन्ह लागतं. अधिक दिलं की ती विहीर जमिनीत पाणी ढकलते. मी आप्पांच्या बोअरला अधिक देऊन बसले होते आणि नकाशा मामंजींना दाखवला.

"म्हंजे आप्पाच्या बोअरनं आमच्या हिरीत पाणी यालंय?"

"तसं दिसतंय खरं, मामंजी."

"मग पेढं घिऊन जा त्याच्याकडं."

घरात आजही कुठल्याही नकाशावर बोट ठेवून ते विचारतात, "चिन्ह बघितलीस न्हवं?"

उपसा किती, हे कुणालाच नेमकं ठाऊक नसतं. "दोन इंच पाणी हाय" हे उत्तर मॉडफ्लोला चालत नाही. मी दोनशे लिटरचं बॅरल पाइपाखाली ठेवून घड्याळ लावलं. आमचं बॅरल चाळीस सेकंदांत भरलं, म्हणजे सेकंदाला पाच लिटर. थ्री फेज सात तास धरली तर दिवसाला एक लाख सव्वीस हजार लिटर. आमच्या विहिरीच्या रुंदीत हे पाणी जवळजवळ साडेचार मीटर उंचीचं होतं. आप्पांचं बॅरल भरायला शंभर सेकंद लागले. म्हणजे आमचा उपसा त्यांच्या अडीचपट. हा आकडा सॉफ्टवेअरनं दिला नाही, बॅरलनं दिला. पण सॉफ्टवेअरनं मागितला नसता तर बॅरल कुणी ठेवलंच नसतं. मामंजींना हे सांगितल्यावर ते गोठ्याकडं निघून गेले.

पातळ्यांसाठी मी अकरा विहिरी धरल्या. टेपच्या टोकाला नट बांधायचा, सोडायचा, पाण्याला टेकला की आवाज येतो, वाचायचं. दर पंधरा दिवसांनी, पंप सुरू व्हायच्या आधी, सकाळी. केंद्रीय भूजल मंडळाच्या निरीक्षण विहिरींच्या नोंदी वर्षातून चारदा होतात आणि इंडिया-डब्ल्यूआरआयएसच्या संकेतस्थळावर पाहता येतात. मोठ्या भागाचा कल कळायला त्या चांगल्या, पण पासष्ट मीटरच्या भांडणाला त्या पुरत नाहीत. जमिनीच्या उंचीसाठी मी आधी २००० सालच्या अंतराळ शटलच्या मोजणीचे, एसआरटीएमचे, फुकट आकडे घातले. तीस मीटरच्या जाळीचे ते आकडे. त्यात आमच्या इथं नदीचं पात्र एका ठिकाणी काठापेक्षा उंच निघालं, म्हणजे मॉडेलमध्ये मार्कंडेय डोंगर चढायला लागली. शेवटी ऑटो लेव्हल घेऊन दोन रविवार घालवले आणि विहिरींचे काठ व नदीचं पात्र यांच्या उंच्या एकाच खुणेपासून मोजल्या. सर्व्हेवाल्यांना हे सोपं आहे. ज्यांच्याकडे लेव्हल नाही त्यांनी निदान विहिरींचे काठ तरी कुणाकडून तपासून घ्यावेत, कारण काठ दोन मीटर चुकला की त्यावर आधारलेलं सगळंच दोन मीटर चुकतं.

जाता जाता सीमाभागाची एक गोष्ट. निपाणीकडच्या एका गिऱ्हाइकासाठी मी असंच छोटं मॉडेल करायला घेतलं, दूधगंगेच्या बाजूला. मॉडेलची हद्द पाणलोटाच्या रेघेवर धरायची असते, राज्याच्या नाही. त्यामुळे अर्धं मॉडेल कागल तालुक्यात गेलं. इकडचे उतारे कन्नडमध्ये, तिकडचा सातबारा मराठीत. विहिरींच्या नोंदी इकडच्या भूजल खात्याच्या वेगळ्या, तिकडच्या भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या वेगळ्या. तारखा जुळत नाहीत, गावांची स्पेलिंगं जुळत नाहीत. मॉडेलम्युजला याचं काहीच नाही. यूटीएम या जगभरच्या नकाशा-पद्धतीचा ४३ वा पट्टा दिला की बेळगाव आणि कागल एकाच कागदावर येतात. १९५६ पासून जे कुणाला जमलं नाही ते एका ड्रॉपडाउनमध्ये झालं, असं मी ऑफिसात म्हटलं तर पोरं हसली.

आता या सगळ्यात माझ्या मते जे सगळ्यात मोलाचं ठरलं, ते.

पहिल्या मॉडेलमध्ये मी तीन थर दिले होते. वर माती आणि मुरूम, मग भेगाळलेला काळा दगड, मग खालचा घट्ट कातळ. पुस्तकी. पावसाळ्यात आकडे बरे जुळले. मेमध्ये मात्र मॉडेल म्हणत होतं पाणी काठापासून ५.२ मीटरवर, आणि माझी टेप म्हणत होती ९.६. मी पारगम्यता वाढवली, कमी केली, पाऊस कमी केला. एक जुळवलं की दुसरं बिघडतं. साठवणक्षमता, म्हणजे दगडातून गळून बाहेर येऊ शकणारं पाणी, आपल्या बेसॉल्टमध्ये एक ते तीन टक्केच असतं. तीही दोनाची एक करून पाहिली. मग मेचं थोडं जवळ आलं, तर ऑक्टोबरची पातळी वर उसळली.

शेवटी लॅपटॉप मिटला आणि विहिरीत उतरले. पायऱ्या सातव्या मीटरपर्यंत आहेत. तिथं वीतभर जाडीचा एक तांबडा पट्टा आहे, विहिरीच्या चारही अंगांनी फिरलेला. लहानपणापासून पाहणाऱ्यांना तो दिसेनासा झालेला असतो. दसऱ्यानंतरचे दिवस होते. पट्ट्याच्या वरच्या कडेनं बारीक बारीक धारा लागल्या होत्या आणि खालची भिंत कोरडी ठणठणीत. हात लावला तर तांबडा गाळ, साबणासारखा. आपला सगळा दख्खनचा दगड लाव्हाच्या एकावर एक थरांचा आहे. एक थर थंड झाला, त्याचा माथा कुजून लाल माती झाली, मग त्यावर दुसरा लाव्हा आला. मधली भाजलेली तांबडी माती म्हणजे हा पट्टा. भूगर्भवाले त्याला रेड बोल म्हणतात. चिकण असल्यामुळं ती पाणी खाली सोडत नाही.

मॉडेलम्युजमध्ये मी तो पट्टा चौथा थर म्हणून घातला, जाडी वीस सेंटीमीटर, पारगम्यता अगदी कमी. एका रनमध्ये मेची पातळी ५.२ वरून ९.० वर आली. बाकी काही बदललं नाही. पट्ट्याच्या वरचं पाणी आडवं सरकत नाल्याला आणि नदीला जातं, जानेवारीपर्यंत वरचा भाग रिकामा होतो, आणि खाली फार थोडं उतरलेलं असतं. मामंजी वर्षानुवर्षं म्हणतात, "संक्रांत झाली की हिरीचा जीव जातोय." नेमकं तेच.

यानंतर आप्पांची बोअर. मॉडफ्लो ६ मध्ये मॉ नावाचं एक पॅकेज आहे, एकाच विहिरीनं अनेक थर जोडलेले असतील तर त्यासाठी. साध्या विहिरीच्या पॅकेजात तुम्ही उपसा सांगता आणि तेवढं पाणी जातं. यात पंप बंद असला तरी एका थरातलं पाणी बोअरमधून दुसऱ्या थरात उतरू शकतं, आणि किती उतरलं ते हिशोबात दिसतं. आप्पांच्या बोअरचं केसिंग, म्हणजे वरच्या भागात घातलेला पाइप, वीस फूट, म्हणजे सहा मीटर. तांबडा पट्टा तिथंही सातवर धरला. म्हणजे मधला एक मीटर उघडा. मी पंप बंद ठेवून रन घेतला तर पाणी वरून खाली चाललेलं. चिन्ह तपासलं, दोनदा. बरोबर होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी, पंप सुरू व्हायच्या आधी, आप्पांच्या बोअरचं झाकण काढून कान लावला. खाली कुठंतरी पाणी पडत होतं. संडासच्या टाकीत पडल्यासारखा, सतत, पोकळ आवाज. आप्पा मागं उभे होते.

"ते हाय की पहिल्यापास्नं. बोअरला पाणी हाय, म्हणून आवाज येतोय असं आम्ही म्हणत होतो."

"आप्पा, ते वरचं पाणी खाली पडालंय. आपल्या दोघांच्या वरच्या थरातलं."

ते काही बोलले नाहीत. बऱ्याच वेळानं एवढंच म्हणाले, "मग केसिंग अजून खाली घालायला पायजे होतं म्हण की."

मग मी चार रन घेतले. आहे तसं, आप्पांची बोअर नाहीच असं धरून, बोअर आहे पण केसिंग पट्ट्याच्या खाली नेलं आहे, आणि आमचा पंप सातऐवजी चार तास. मेमध्ये आमच्या विहिरीची पातळी बोअर नसती तर ०.८ मीटरनं वर राहिली असती. केसिंग खाली नेलं तर ०.६ नं. आणि आमचाच पंप चार तास केला तर १.३ मीटरनं. हे आकडे मी छापून दोघांना दिले. मामंजींनी कागद चष्मा लावून वाचला, घडी घालून खिशात ठेवला आणि मला सांगितलं, "ह्यो शेवटचा आकडा आप्पाला दाखवायची गरज न्हवती."

हिशोबाच्या पानाबद्दल दोन शब्द, कारण बहुतेक लोक रंगीत नकाशा पाहून थांबतात. प्रत्येक रननंतर मॉडफ्लो एक लांबलचक फाईल लिहितं, तिच्या शेवटी आवक-जावक असते. पावसातून किती, नदीतून किती, विहिरींना किती गेलं, साठ्यात किती पडलं. खाली टक्क्यांत तफावत. ती शून्याजवळ नसेल तर वरचे सगळे रंग फुकट. आमच्या बारा चौरस किलोमीटरमध्ये मुरणारं पाणी वर्षाला साधारण दहा लाख घनमीटर. मी मोजलेल्या बासष्ट विहिरी-बोअरींचा उपसा साडेचार लाख. जवळजवळ तितकंच पाणी कुणी न वापरता मार्कंडेयला जाऊन मिळतं, तेही बरंचसं डिसेंबरच्या आत. हा माझ्या मॉडेलचा हिशोब, सरकारी आकडा म्हणून कुणी वापरू नये.

देखाव्याच्या बाबतीत मॉडेलम्युज सुंदर नाही. समपातळी रेषा आणि रंग व्यवस्थित येतात, उभा छेद फार कामाचा आहे, आणि मॉडपाथ जोडलं तर पाण्याचा कण कुठून निघून कुठं गेला याच्या रेघा निघतात. त्या रेघा गावातल्या माणसाला लगेच कळतात. त्रिमिती देखावा ठोकळ्या-ठोकळ्यांचा, फिरवायला जड. मॉडेलची खोली चार किलोमीटरच्या लांबीत कागदासारखी दिसते, म्हणून उभं प्रमाण वाढवून घ्यायलाच लागतं, आणि मग आमचं सपाट रान आंबोलीच्या घाटासारखं दिसतं. अहवालात लावायचे नकाशे मी क्यूजीआयएसमध्ये नेऊन करते. पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा येत असेल तर मॉडफ्लोसाठी फ्लोपाय आहे, त्यातून पॅराव्ह्यू या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये नेलं तर चित्रं देखणी निघतात. मला पायथन येत नाही, भाच्याला येतं, आणि तो परीक्षेच्या दिवसांत फोन उचलत नाही.

विकत घ्यायची सॉफ्टवेअरं पाहिलीत का, असं मला विचारतात. व्हिज्युअल मॉडफ्लो फ्लेक्स कॅनडाचं, जीएमएस अमेरिकेचं, दोन्हीमध्ये मॉडफ्लो हेच इंजिन, वरचा पेहराव चांगला. डेन्मार्कच्या डीएचआयचं फीफ्लो मात्र वेगळ्या गणितावर चालतं, त्रिकोणी जाळी घेतं आणि त्यात भेगा वेगळ्या दाखवता येतात. ओळखीच्या एका कॉलेजात ते पाहिलं आणि पाहताना हात शिवशिवले. पण दोन टेबलांच्या ऑफिसला ते परवडणारं नाही. ज्यांना खाणीचे किंवा मोठ्या प्रकल्पाचे अहवाल द्यायचे आहेत त्यांनी तिकडं बघावं.

आणि हे कुठं चालत नाही, तेही स्पष्ट सांगते. मॉडफ्लो धरून चालतं की ठोकळ्यातला दगड सगळीकडे सारखा पाझरतो. वरच्या कुजलेल्या, भेगाळ भागात हे खपून जातं. विहिरींचं पाणी तिथलंच असतं, त्यामुळे विहिरींसाठी मॉडेल उपयोगी. खाली साठ-सत्तर मीटरवर मात्र एखादीच भेग असते. ती लागली तर दोन इंच, दोन हात बाजूला मारली तर धुरळा. ती भेग ठोकळ्यांत मावत नाही. माझ्या मॉडेलच्या खालच्या थरातल्या पातळ्यांवर मी स्वतः पैसे लावणार नाही. खानापूरच्या जांभ्या दगडाला किंवा गोकाकच्या वाळूखडकाला हे असंच लागू होईल असंही धरू नका, तिथला दगडच वेगळा. या बाबतीत बेळगावकरांचं नशीब एवढं बरं, की राष्ट्रीय जलविज्ञान संस्थेचं कठीण खडकांवर काम करणारं प्रादेशिक केंद्र आपल्याच गावात आहे, आणि त्या संस्थेचे बरेच अहवाल वाचायला मिळतात. मी मॉडेल करायला बसण्याआधी ते वाचायला हवे होते. नंतर वाचले.

आणखी एक. समोर रंगीत नकाशा आला की माणसं वाद घालायचं थांबवतात, आणि ते बरं नाही. माझ्या पहिल्या, साफ चुकलेल्या नकाशावरही दोन शेजाऱ्यांनी माना डोलावल्या होत्या. प्रश्न विचारला तो फक्त मामंजींनी, तोही पेढ्यांचा.

गुण द्यायचे तर मॉडफ्लो ६ ला पाचपैकी पाच, मॉडेलम्युजला साडेतीन. सर्व्हेवाल्यांनी, पाणलोटाची कामं करणाऱ्यांनी, सिव्हिलच्या शेवटच्या वर्षाच्या पोरांनी जरूर उतरवून घ्यावं, पण हाताशी निदान एक अख्खं वर्षभर मोजलेली विहीर हवी. नसेल तर आधी टेप घ्या, ती साडेतीनशे रुपयांत येते.

केसिंगचं अजून झालेलं नाही. आत बारीक पीव्हीसी पाइप घालून मधली जागा भरता येईल असं एक जण म्हणाला, खर्च कुणी करायचा यावर दोन्ही घरांत चर्चा आहे, निदान चर्चा आहे. आमचा पंप पाच तासांवर आला आहे, मामंजी म्हणतात लाईटच येत नाही म्हणून. मोटारीच्या खोलीच्या दारावर आता ते स्वतः खडूनं पातळी लिहितात आणि मी शनिवारी गेले की विचारतात, "तुझा डबा काय म्हणतोय?" गेल्या आठवड्यात डबा म्हणाला ६.८. दारावर होतं ७.४. साठ सेंटीमीटर कुठं गेले ते मी अजून शोधते आहे. मामंजींचं म्हणणं, आप्पांनी रात्रीचा पंप लावला असणार.